टाकं, टाकी आणि टँक

इंग्रजीचा कुठलाही मोठा शब्दकोश उघडून 'टँक' या शब्दावर बोट ठेवावं. तळं, पाणी किंवा तेल साठवायचं पात्र, रणगाडा, पोहण्याचा हौद, कैद्यांना रात्रभर एकत्र कोंडायची कोठडी, बिनबाह्यांचा सदरा, मोती तोलायचं वजन आणि सामना मुद्दाम हरणं, इतके अर्थ तिथे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. इंग्रजीत यातला सर्वांत जुना अर्थ तळ्याचा. आणि तो इंग्रजांनी इंग्लंडात घडवलेला नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांनी तो इथून उचलला.

या शब्दाची गोष्ट मी मालवण तालुक्यातून सांगणार आहे. पाणी साठवायच्या दोन मूळ रीती आहेत. एक म्हणजे जमीन किंवा खडक खोदणं, दुसरी म्हणजे वाहतं पाणी अडवणं. 'टँक' शब्दाच्या पोटात या दोन्ही रीती आहेत आणि मालवण तालुक्यात दोन्हींचे उत्तम नमुने आजही उभे आहेत.

पहिला नमुना समुद्रात आहे. मालवणच्या समोर कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पाहुण्याला हे नवल वाटतं, पण बेटावरच्या गोड्या पाण्यामागे साधं कारण असतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थर करून राहतं. हा थर नीट ओळखून, बेताच्या खोलीपर्यंत खणलं तर विहीर गोड लागते. हाव धरून जास्त उपसा केला तर खालचं खारं पाणी वर सरकतं. मालवण-देवबागच्या किनारपट्टीवर वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. विहिरीचं पाणी मचूळ झालं की काय घडलं ते त्याला कळतं.

किल्ल्यासाठी पाणी म्हणजे काय, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फार नेमकं सांगितलेलं आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ. गड बांधायच्या आधी पाणी बघा, असं तो बजावतो. पाणी नसेल आणि तरीही ती जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून तळी आणि टाकी तयार करा, पुढच्या पावसापर्यंत सगळ्या गडाला पुरेल एवढा साठा करा, असं सांगतो. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हेही सांगतो. कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात आणि पाण्याचा खर्च तर तेव्हाच वाढतो. म्हणून राखीव पाणी निराळं ठेवावं. टाकं हे युद्धाचं साधन आहे, ही जाण त्या मजकुरात स्पष्ट आहे. पुढे या शब्दाचं युरोपात जे झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवावं.

खडकात टाकी खोदण्याची विद्या मात्र शिवकाळाहून कितीतरी जुनी. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांत पाण्याची टाकी दान दिल्याचे शिलालेख आहेत. ते ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत, आणि टाक्याला तिथे शब्द आहे 'पोढी'. वस्तू दोन हजार वर्षांची, पण तिचं तेव्हाचं नाव आज आपल्या बोलण्यात उरलेलं नाही. त्याच्या जागी आलेल्या 'टाकं' या शब्दाचं मूळ कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण तो संस्कृत 'तडाग'पाशी नेतात. दुसरा धागा 'टंक'चा आहे. टंक म्हणजे दगड फोडायचं हत्यार, आणि त्यावरूनच पाथरवटाची 'टाकी' आली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली टाकी ती हीच. मराठीत तर गंमतच झाली आहे. 'टाकं'चं अनेकवचन टाकी, दगड घडवायचं हत्यार टाकी आणि घरावरची पाण्याचीही टाकी. गडावरची टाकी टाकीने खोदली, हे वाक्य ऐकणाऱ्याला मुळीच खटकत नाही.

आता इंग्रजांकडे वळू. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून १६१५ मध्ये सुरतेला उतरला. त्याच्याकडे पुढे एडवर्ड टेरी नावाचा पाद्री रुजू झाला. या मुलखात नद्या-विहिरींखेरीज पुष्कळ तलाव आहेत आणि इथले लोक त्यांना टँक म्हणतात, अशी नोंद टेरीने केली. 'इथले लोक म्हणतात' हे महत्त्वाचं. टेरीच्या कानाला हा शब्द परका होता, स्थानिक होता. त्यानंतर सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता असा कंपनीचा पसारा वाढला आणि हिंदुस्थानातल्या प्रत्येक तळ्याला, पुष्करिणीला, बांध घालून केलेल्या जलाशयाला इंग्रजी कागदपत्रांत टँक हे एकच नाव चिकटलं. कलकत्त्यात लालदिघीच्या भोवतालचा चौक टँक स्क्वेअर झाला.

मराठी आणि गुजराती नोंदीही लवकर मिळतात. रॉबर्ट ड्रमंड याचं गुजराती-मराठी शब्दांचं पुस्तक मुंबईत १८०८ मध्ये छापलं गेलं. त्यात मराठी 'टांकं' आणि गुजराती 'टांकू' यांचं वर्णन आहे. दगड-विटा-चुन्याने बांधलेले, बहुधा घराच्या आत असलेले, वरून जवळजवळ पूर्ण झाकलेले साठे, आणि वर फक्त घागर किंवा बादली सोडता येईल एवढं तोंड. पुढे विल्सन या इंग्रज कोशकाराच्या १८५५ च्या कोशातही हा मराठी शब्द आहे. कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने राजस्थानात बिकानेर आणि मारवाडच्या वाळवंटी गावांत पावसाचं पाणी धरणारे 'टांके' असल्याचं नोंदवलं.

एवढ्यावर गोष्ट सरळ वाटते. पण हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला, आणि त्यात यूल या शब्दापाशी थबकला. त्याचं म्हणणं असं की या शब्दाला दोन जन्मस्थानं दिसतात, एक हिंदुस्थानी आणि एक युरोपी. कारण पोर्तुगीज भाषेत 'तांक' उच्चाराचा शब्द आधीपासून होता, अर्थही तळं किंवा हौद असाच. वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला. त्या पहिल्याच सफरीच्या रोजनिशीत एका देवळाजवळचं घडीव दगडांचं तळं वर्णिलेलं आहे आणि त्यासाठी हाच पोर्तुगीज शब्द वापरला आहे. नुकत्याच उतरलेल्या खलाशांनी तो मराठी-गुजराती माणसांकडून शिकला असेल, हे संभवत नाही. तो त्यांनी घरूनच आणला होता.

त्या पोर्तुगीज शब्दाचं कुळ युरोपात सापडतं. साचलेल्या पाण्याला लॅटिनमध्ये 'स्टॅग्नम' म्हणत. फ्रेंचमधला तळ्याचा शब्द 'एतां' त्यातूनच आला आणि इंग्रजीतलं 'स्टॅग्नंट' म्हणजे साचलेलं हेही त्यातूनच. पोर्तुगीजमध्ये 'एश्तांकार' म्हणजे वाहतं पाणी किंवा रक्त थांबवणं, आणि 'तांक' हा शब्द या धातूपासून आला असंही मानतात. दोन्ही वाटांनी अर्थ एकाच ठिकाणी येतो. प्रवाह थोपवला की जे होतं ते तळं.

मग टाक्याचं नाव पोर्तुगीजांनी आपल्याला दिलं का? काही कोशकार तसंही म्हणतात. कोकणच्या माणसाने हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण पाण्याभोवतीचे आपले कितीतरी शब्द खरोखरच पोर्तुगीज आहेत. बालदी पोर्तुगीज, पिंप पोर्तुगीज, घमेलंही पोर्तुगीज. तरी माझं मत टाक्याच्या बाबतीत तसं नाही. बिकानेर-मारवाडच्या वाळवंटात पोर्तुगीजांचा वावर नव्हता. तिथल्या घराघरांत असलेल्या साठ्याला, ज्यावर वर्षभराचं जगणं अवलंबून, त्याला लोक परक्या दर्यावर्दींकडून नाव उसनं घेतील, हे पटत नाही. शिवाय त्यांचा टांका आणि आपलं टाकं खोदलेलं-बांधलेलं, झाकलेलं असतं. पोर्तुगीज शब्द अडवण्यातून आलेला. दोन निरनिराळे शब्द, निरनिराळ्या कामांचे, आवाजाने योगायोगाने जवळ आलेले, गोवा-सुरत-मुंबईच्या बंदरांत एकमेकांना भेटले आणि इंग्रजांच्या कानात एक झाले, असंच मला वाटतं. यूलने टँकची व्याख्या करताना खोदून किंवा बांध घालून केलेलं तळं असे दोन्ही प्रकार सांगितले आहेत. त्या दोन शब्दांचा जोड या व्याख्येतही दिसतो.

अडवण्याचा नमुना पाहायला मालवणहून आत धामापूरला जावं. १५३० च्या सुमारास विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी इथे दोन डोंगरांमधल्या खिंडीत मातीचा बांध घालून तलाव केला, असं सांगितलं जातं. काठावर भगवतीचं देऊळ आहे, पाण्यात उतरणारा घाट आहे, भोवती दाट झाडी आहे. जवळजवळ पाच शतकं या पाण्यावर खालची शेती आणि बागायत होत आली. सिंचन आणि निचरा यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत धामापूरचा समावेश केला. त्या वर्षी भारतातल्या चार कामांना हा मान मिळाला. उरलेली तीन आंध्र प्रदेशातली: कुर्नूल-कडप्पा कालवा, कंबम आणि पोरुमामिल्ला. या तिघांतल्या दोघांच्या अधिकृत इंग्रजी नावात 'टँक' आहे, कंबम टँक आणि पोरुमामिल्ला टँक. धामापूरच्या नावापुढे मात्र 'लेक' लावलं आहे. काम तेच, बांध घालून पाणी अडवायचं. दक्षिणेत इंग्रजी महसुली कागदांनी टँक हा शब्द इतका रुजवला की तो आजही हलला नाही. आपल्याकडे तो शहरी राहिला.

तो शहरी कसा राहिला हे कोकणातल्या चाकरमान्याला चांगलं माहीत आहे. गिरगावच्या चाळींत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांच्या तोंडी सी. पी. टँक, गवालिया टँक, बाबुला टँक ही नावं रोजची. कावसजी पटेल यांनी अठराव्या शतकात बांधलेला तलाव म्हणजे सी. पी. टँक. गुरांना पाणी पाजायचा आणि धुवायचा तलाव तो गवालिया टँक. हे तलाव बुजवले गेले, नावं राहिली. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला ते गवालिया टँक मैदान. आज त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. देशाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात एका बुजलेल्या तळ्याचं नाव असं कायमचं नोंदलं गेलं आहे.

इंग्लंडला पोचल्यावर शब्दाने रूप पालटलं. तिथे आपल्यासारखी तळी खोदायची गरज नव्हती. पाऊस बारमाही, नद्या वाहत्या. म्हणून शब्दाचा जमिनीशी असलेला संबंध सुटला आणि सतरावं शतक संपता संपता टँक म्हणजे द्रवपदार्थ ठेवायचं मोठं पात्र झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आरमारात लाकडी पिंपांच्या जागी लोखंडी टँक आले. लाकडात सडणारं पाणी लोखंडात अधिक दिवस टिकू लागलं आणि लांबच्या सफरी सुकर झाल्या. रेल्वे आली तेव्हा स्वतःचं पाणी अंगावरच्या टाकीत घेऊन धावणाऱ्या इंजिनाला टँक इंजिन म्हणू लागले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीची पहिली वाफेची इंजिनं याच जातीची. मुलांच्या गोष्टींतलं 'थॉमस द टँक इंजिन' १९४६ पासून पुस्तकांत आहे. पुष्कळ घरांतल्या मुलांना वाटतं की थॉमसचा रणगाड्याशी काही संबंध असावा. संबंध पाण्याशी आहे.

रणगाड्याचाही पाण्याशीच आहे, आणि या शब्दाच्या चरित्रातलं हे सर्वांत विलक्षण वळण. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांत अडकून पडले होते. काटेरी तारा आणि मशीनगन यांच्यापुढे पायदळ निरुपयोगी ठरत होतं. तारा तुडवत, खंदक ओलांडत पुढे जाणारं चिलखती वाहन बनवायला फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश आरमार खात्यात एक समिती नेमली गेली. चर्चिल तेव्हा आरमारमंत्री होता. समितीचं नाव 'लँडशिप्स', म्हणजे जमिनीवरची जहाजं. काम लिंकन गावातल्या विल्यम फॉस्टर अँड कंपनी या शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याकडे आलं. पण 'जमिनीवरचं जहाज' हे नाव ऐकताच शत्रूला बेत कळला असता. कारखान्यात तयार होणाऱ्या त्या अवाढव्य लोखंडी पेट्यांबद्दल काहीतरी पटण्यासारखं सांगणं भाग होतं. म्हणून सांगितलं गेलं की या पाणी वाहून न्यायच्या गाड्या आहेत. कुणी म्हणे मेसोपोटेमियासाठी, कुणी म्हणे रशियासाठी. २४ डिसेंबर १९१५ च्या बैठकीनंतर या योजनेतला लष्करी अधिकारी अर्नेस्ट स्विंटन आणि त्याचा सहकारी डॅली जोन्स यांनी नावाचा विचार केला. सिस्टर्न, रिझर्व्हॉयर, कंटेनर असे शब्द पुढे आले. शेवटी आखूड आणि साधा म्हणून टँक निवडला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, फ्लेर-कुर्सलेत इथे, हे 'टँक' पहिल्यांदा रणात उतरले. प्रत्येकाचं वजन सुमारे २८ टन, आत आठ माणसं. ४९ पैकी ३२ च सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले. पण त्या दिवसानंतर जगाला टँक म्हटलं की आधी तोफ आठवू लागली.

त्या मेसोपोटेमियात तेव्हा आपली माणसं होती. तिथल्या मोहिमेवरच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, ज्यात आजचा सिंधुदुर्ग येत होता, हा मराठा पलटणींच्या भरतीचा मोठा मुलूख. ७ डिसेंबर १९१५ ला तैग्रीस नदीकाठच्या कुत गावात या डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने हे सैन्य शरण गेलं, आणि कैदेत हजारो जण मेले. लंडनमध्ये टँक हे नाव ठरत होतं त्या नाताळच्या आठवड्यात कोकणातले शिपाई कुतच्या वेढ्यात होते. त्यांच्यासाठी म्हणून सांगितल्या गेलेल्या पाण्याच्या गाड्या मुळात पाण्याच्या नव्हत्याच. शब्द त्यांच्या मुलखातून गेलेला, सबब त्यांच्या आघाडीची, आणि त्यांच्यापैकी कुणालाही यातलं काही कळण्याची सोय नव्हती. मला हा तपशील वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

टँक हे टोपणनाव बहुतेक भाषांनी घेतलं, पण सगळ्यांनी नाही. जर्मनांनी चिलखतावरून 'पान्झर' म्हटलं. फ्रेंचांनी 'शार', म्हणजे रथ. पोलिश लोकांनी सरपटण्यावरून 'चोउग' केलं. मराठीने 'रणगाडा' घडवला, आणि तो यांतल्या कुठल्याही शब्दापेक्षा कमी नाही. रण आणि गाडा हे दोन्ही शब्द शेतकऱ्याला ठाऊक, जोड ऐकताच यंत्र डोळ्यांसमोर येतं. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे फाटकाशी पोचलेली शाळेची मुलं आपसांत टँकच म्हणतात, पण धड्यात रणगाडा वाचलेला असतो. दोन्ही शब्द चालू राहिले तर काही बिघडत नाही.

बाकीचे अर्थ भराभर पाहू. अमेरिकेत पोहण्याच्या हौदाला टँक म्हणत. त्यात घालायचा बिनबाह्यांचा पोशाख तो टँक सूट, आणि त्यावरून टँक टॉप. मुष्टियुद्धात पैसे खाऊन मुद्दाम आडवा होणारा पहिलवान जणू हौदात बुडी मारतो, म्हणून १९२० च्या दशकात 'टँकमध्ये जाणं' म्हणजे लढत विकणं झालं. पुढे टेनिसमध्ये मुद्दाम हरण्याला टँकिंग म्हणू लागले. आता चित्रपट पडला, शेअर कोसळला, तरी इंग्रजी वर्तमानपत्रं टँक हेच क्रियापद वापरतात. 'थिंक टँक' हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोक्यासाठी वापरत, कारण विचारांचा साठा तिथे. धोरणं आखणाऱ्या संस्थांना तो दुसऱ्या महायुद्धानंतर लागला. दारू पिऊन तर्र झालेल्याला 'टँक भरलेला' म्हणतात. कार्टिए या फ्रेंच घड्याळजीने १९१७ मध्ये रेनो रणगाड्याच्या आकारावरून चौकोनी मनगटी घड्याळ आखलं, त्याचंही नाव टँक.

एक टँक मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळ्या घरचा आहे. जुन्या इंग्रजी कोशांत टँक म्हणजे मुंबईच्या बाजारात मोती तोलायचं ७२ ग्रेनचं वजन, असंही दिलेलं असतं. याचा पाण्याशी काही संबंध नाही. हा आपला 'टांक', संस्कृत 'टंक', पण इथे हत्यार नव्हे, तर वजन आणि त्याच वजनाचं शिक्का मारलेलं नाणं. टांकसाळ, टका, बांगलादेशाचा टाका आणि आपलं टंकलेखनसुद्धा याच घरातलं. कोशकाराने स्पेलिंग सारखं पाहून दोन अनोळखी शब्दांना एकाच ओसरीवर बसवलं.

आता हा शब्द आपल्याकडे परत कुठल्या रूपात आला, ते पाहू. तो टँकर होऊन आला. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांच्या तो चौपट-पाचपट. तरी एप्रिल-मे आला की काही वाड्यांवर पाण्याची ओढाताण सुरू होते. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र, त्यामुळे पाणी दोन-चार दिवसांत खाडीला मिळतं. जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी धरून ठेवत नाही. किनाऱ्यावरच्या विहिरी उपसल्या की मचूळ होतात. मग घराच्या पत्र्यावर काळी प्लॅस्टिकची टाकी आणि रस्त्यावर टँकरची वाट, 'टँकर इलो काय?' असं एकमेकांना विचारत.

प्लॅस्टिकच्या टाकीला मी नावं ठेवत नाही. तिने बायकांच्या डोक्यावरच्या कळश्यांचं ओझं कमी केलं. पण टाकीत पाणी दुसरीकडून आणून भरावं लागतं, टाक्यात पाऊस स्वतः येऊन साठतो. हा फरक मोठा आहे. आज्ञापत्र लिहिणाऱ्याला तो कळत होता, धामापूरचा बांध घालणाऱ्यांनाही कळत होता. सिंधुदुर्गात पाऊस सरल्यावर व्हाळांवर रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात. ते अडवण्याच्या त्याच जुन्या रीतीचं काम आहे आणि ते दरवर्षी व्हायला हवं.

वाचकांना एक विनंती करतो. तुमच्या वाडीत बाव, तळी, कोंड, टाकं जे काही असेल, त्याचं नाव, ते कोणी खणलं किंवा बांधलं याबद्दल म्हाताऱ्यांकडे असलेली माहिती आणि त्याचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, हे एका वहीत लिहून गावच्या शाळेत ठेवा. मे महिन्यात त्यातला गाळ काढायला चार माणसं जमली तर तेही करा. पहिला पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो.